दोन हजार वाव खाली

२८ ऑगस्ट १८५० रोजी इंग्लंडमधील डोव्हरपासून फ्रान्सच्या किनाऱ्यापर्यंत इंग्लिश खाडीच्या तळाशी तांब्याची एक तार टाकण्यात आली. तारेभोवती फक्त गटापर्च्याचे आवरण होते. मलायातील एका झाडाच्या चिकापासून मिळणारा हा पदार्थ गरम पाण्यात मऊ होतो, गार झाला की घट्ट बसतो आणि वीज बाहेर जाऊ देत नाही. थंडगार समुद्रतळाशी तर तो वर्षानुवर्षे टिकतो. त्या दिवशी काही अडखळते संदेश पलीकडे गेले आणि थोड्याच वेळात तार मुकी झाली. एका फ्रेंच कोळ्याने ती ओढून कापली, असे पुढे सांगितले जाऊ लागले. पुढच्या वर्षी गटापर्च्यावर लोखंडी तारांचे चिलखत चढवून नवी केबल टाकली गेली आणि ती चालली. समुद्राखालून तार नेता येते हे सिद्ध झाले. ती बिघडली तर काय करायचे, याचे उत्तर मात्र कोणाकडेच नव्हते.

जमिनीवरच्या तारेत बिघाड झाला की माणूस खांबांच्या रांगेने चालत निघे. तुटलेली तार लोंबकळताना दिसे, फुटलेले चिनी मातीचे पेले दिसत, तारेवर पडलेली फांदी दिसे. समुद्रातल्या केबलच्या बाबतीत डोळ्यांचा काही उपयोग नव्हता. तांब्याची तार आतून तुटली असेल, आवरणाला सुईएवढे भोक पडून वीज पाण्यात झिरपत असेल किंवा एखादा सांधा कच्चा राहिला असेल, यांतले नेमके काय झाले आहे आणि ते किनाऱ्यापासून किती मैलांवर आहे, हे ठरवायला परीक्षकाच्या हाती तारेचे एकच टोक असे. त्या टोकावर जे मोजता येईल तेवढाच पुरावा. सागरी तारांचा पहिल्या वीस वर्षांचा इतिहास म्हणजे हे मोजणे शिकण्याचा इतिहास आहे, आणि त्याची किंमत बुडालेल्या केबलींच्या रूपाने मोजावी लागली.

पहिली अडचण बिघाडाची नव्हती, ती धडधाकट केबलचीच होती. पाण्याखालच्या लांब तारेतून पाठवलेला विजेचा ठोका दुसऱ्या टोकाला पसरट, लांबलेला होऊन पोचे. एक खूण संपायच्या आत दुसरी तिच्यात मिसळे. मायकेल फॅरडे यांनी १८५४ मध्ये त्याचे कारण सांगितले. आत तांबे, बाहेर पाणी आणि मध्ये गटापर्चा, अशी केबल म्हणजे प्रयोगशाळेतल्या, वीज साठवणाऱ्या लायडन बरणीचाच लांबलचक प्रकार. ती आधी भारित व्हावी लागते, मगच पलीकडे काही पोचते. ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम थॉमसन, जे पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून ओळखले गेले, त्यांनी याला गणित दिले: हा विलंब लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. केबल दुप्पट लांब झाली की विलंब चौपट. उपायही गणितातूनच निघत होता. तांबे जाड हवे, शुद्ध हवे आणि आवरणही जाड हवे.

अटलांटिक महासागर ओलांडण्यासाठी १८५६ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने हा सल्ला मनावर घेतला नाही. कागदाच्या व्यापारात पैसा मिळवलेला अमेरिकन उद्योजक सायरस फील्ड यामागे होता आणि त्याला घाई होती. कंपनीचा विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस हा ब्रायटनचा शल्यचिकित्सक. त्याने स्वतः पुष्कळ प्रयोग केले होते. पण थॉमसन यांचा वर्गाचा नियम म्हणजे कागदावरची कल्पना आहे, असे त्याचे मत होते. केबलसाठी सागरी मैलामागे १०७ पौंड तांबे आणि २६१ पौंड गटापर्चा ठरला. तांब्याची शुद्धता कोणी तपासत नव्हते. बाजारातल्या निरनिराळ्या तांब्यांची वीज वाहून नेण्याची क्षमता फार वेगवेगळी असते, हे थॉमसन यांना १८५७ मध्ये आढळले, तोवर बरीच केबल तयार झाली होती. दोन कारखान्यांत निम्मी निम्मी केबल बनली, तर एकाच्या चिलखताचा पीळ दुसऱ्याच्या उलट निघाला. काही केबल उन्हाळ्यात उघड्यावर पडून राहिली. उन्हाने गटापर्चा मऊ पडला की आतली तांब्याची तार मध्यावरून सरकून एका बाजूला जाते आणि तिथले आवरण कागदासारखे पातळ उरते. असे दोष वरून दिसत नाहीत.

१८५७ चा प्रयत्न आयर्लंडपासून तीन-साडेतीनशे मैलांवर केबल तुटल्याने फसला. पुढच्या वर्षी ‘अ‍ॅगॅमेम्नॉन’ आणि ‘नायगारा’ ही दोन जहाजे महासागराच्या मध्यावर भेटली, केबलची टोके जोडली आणि विरुद्ध दिशांना निघाली. अनेकदा केबल तुटली, एका वादळात ‘अ‍ॅगॅमेम्नॉन’ बुडता बुडता वाचले. अखेर ५ ऑगस्ट १८५८ रोजी दोन्ही टोके आयर्लंडमधील व्हॅलेन्शिया आणि न्यूफाउंडलंड येथे किनाऱ्याला लागली. १६ ऑगस्टला राणी व्हिक्टोरियाचा शंभरेक शब्दांचा संदेश अमेरिकेच्या अध्यक्षांना पोचायला सुमारे १६ तास लागले. न्यूयॉर्कमध्ये आतषबाजी झाली. त्याच दिवसांत दोन्ही टोकांवरचे कर्मचारी एकमेकांना ‘पुन्हा पाठवा’, ‘हळू पाठवा’, ‘कळले का’ एवढेच विचारत होते. संदेश वाचले जात होते तेही थॉमसन यांच्या नव्या उपकरणावर. रेशमाच्या तंतूला टांगलेला इवलासा आरसा, त्याच्या पाठीला चिकटवलेले चुंबकाचे बारीक तुकडे आणि आरशावरून परावर्तित होऊन पट्टीवर पडणारा दिव्याचा कवडसा. तारेतून नाममात्र प्रवाह आला तरी कवडसा डावी-उजवीकडे सरके. या गॅल्व्हानोमीटरला हलका प्रवाह पुरत होता, ही गोष्ट पुढच्या साऱ्या कथेत महत्त्वाची आहे.

व्हाइटहाउसने याच्या उलट वाट धरली होती. संदेश क्षीण येतो म्हणजे जोर कमी पडतो, असे समजून त्याने पाच फूट लांबीची प्रवर्तन वेटोळी लावली आणि सुमारे २००० व्होल्टचा दाब केबलवर टाकला. जिथे आवरण पातळ होते तिथे ते आणखी जळत गेले. कंपनीने ऑगस्टमध्येच त्याला दूर केले, पण सप्टेंबरच्या आरंभी उपयुक्त संदेश येणे थांबले. सगळा दोष त्याच्या माथी मारण्याची रीत पडली असली, तरी तो न्याय नव्हे. केबल समुद्रात गेली तेव्हाच दुखावलेली होती आणि ती तशी बनवण्यात पुष्कळांचा हात होता. व्हाइटहाउसने तिचा शेवट जवळ आणला, एवढेच खात्रीने म्हणता येते.

तरी या अल्पायुषी केबलने एक काम केले, आणि त्याचा संबंध भारताशी होता. १८५७ च्या उठावासाठी कॅनडातून दोन पलटणी परत बोलावण्याचे हुकूम बोटीने गेले होते. त्यांची गरज उरली नाही, तेव्हा ऑगस्टच्या अखेरीस तारेने ते हुकूम रद्द झाले आणि ब्रिटिश सरकारचे सुमारे ५० हजार पौंड वाचले.

केबल मेल्यावर तिची तपासणी करायला आलेल्यांत क्रॉमवेल व्हार्ली हा तार कंपनीतला अभियंता होता. त्याने व्हॅलेन्शियाच्या टोकावर विजेचा रोध मोजला, चांगल्या केबलचा दर मैलाचा रोध किती असतो याच्याशी तो ताडून पाहिला आणि मोठा दोष किनाऱ्यापासून सुमारे अडीचशे ते तीनशे मैलांवर असल्याचा निष्कर्ष काढला. एवढे करून तो थांबला नाही. केबलच्या एका तुकड्याच्या आवरणाला मुद्दाम बारीक छिद्र पाडून त्याने तो खाऱ्या पाण्यात बुडवला आणि वेटोळ्यांचा दाब दिला. छिद्र जळून मोठे होताना डोळ्यांना दिसले. जिथे पोचता येत नाही तिथला बिघाड टेबलावर पुन्हा घडवून पाहणे ही पद्धत आज प्रत्येक कार्यशाळेत रुळलेली आहे. त्या वेळी ती नवी होती.

याहून मोठा तडाखा भारताच्या वाटेवर बसला. १८५७ मध्ये मेरठची बातमी लंडनला पोचायला जवळजवळ दीड महिना लागला होता, त्यामुळे तांबड्या समुद्रातून तार नेण्यासाठी सरकार उतावीळ झाले. सुएझ ते एडन आणि एडन ते कराची अशी केबल १८५९ आणि १८६० मध्ये टाकली गेली. ती ताणून टाकलेली होती. तळ उंचसखल, प्रवाळाच्या कंगोऱ्यांचा. केबलला पुरेशी ढील न दिल्याने ती उंचवट्यांमध्ये लोंबत राहिली. चिलखत हलके होते, ते गंजले. अंगावर शिंपले आणि प्रवाळ वाढले आणि त्या भाराने ती तुकड्यातुकड्यांनी तुटली. भागधारकांना परतावा देण्याची हमी सरकारने केबल चालण्याची अट न घालताच दिली होती. परिणामी दर वर्षी ३६ हजार पौंड, ५० वर्षे, एका मृत तारेसाठी सरकारी तिजोरीतून जात राहिले.

दोन मोठ्या अपयशांनंतर सरकार आणि अटलांटिक कंपनी यांनी मिळून कॅप्टन डग्लस गॅल्टन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. चार्ल्स व्हीटस्टन, विल्यम फेअरबेर्न, लॅटिमर क्लार्क आणि व्हार्ली तिचे सदस्य होते. १८६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालातला हिशेब विदारक होता: तोवर जगात सुमारे ११ हजार मैल सागरी केबल टाकली गेली होती आणि त्यांतली जेमतेम ३ हजार मैल चालत होती. समितीने कारखानदार, खलाशी, रसायनतज्ज्ञ, कप्तान यांना बोलावून प्रत्येक केबल कशी बनली, कशी साठवली, कशी सोडली आणि कशी मेली हे विचारले. निष्कर्ष असा की यश अशक्य नाही. प्रत्येक टप्प्यावर मोजमाप झाले नाही, म्हणून अपयश आले. केबल बनताना पाण्यात बुडवून, ठरावीक तापमानाला, दर दिवशी तपासली असती तर बरेचसे दोष कारखान्यातच सापडले असते.

मोजायचे कशात, हा प्रश्न इथे उभा राहिला. रोधाचे एकच एकक तेव्हा नव्हते. कोणी अमुक जाडीच्या तांब्याच्या तारेचा एक मैल हे माप धरी, कोणी लोखंडाच्या तारेचा. जर्मनीत वेर्नर सीमेन्सने १८६० मध्ये पाऱ्याचा एक मीटर लांबीचा स्तंभ सुचवला. ज्या तांब्याची शुद्धता भरवशाची नाही त्या तांब्याच्या मैलाने दुसरा मैल मोजायचा, म्हणजे ताणणाऱ्या दोरीने जमीन मोजण्यासारखे होते. लॅटिमर क्लार्क आणि चार्ल्स ब्राइट या केबल-अभियंत्यांनी १८६१ मध्ये ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेपुढे विद्युत एककांची आणि त्यांच्या नावांची योजना मांडली, आणि थॉमसन यांच्या आग्रहाने त्याच वर्षी रोधाचे प्रमाण ठरवण्यासाठी समिती बसली. जेम्स क्लार्क मॅक्सवेल आणि केबल-अभियंता फ्लीमिंग जेंकिन यांनी लंडनच्या किंग्ज कॉलेजात फिरत्या वेटोळ्यांचे चिकाटीचे प्रयोग केले. १८६५ मध्ये प्रमाण रोधाची वेटोळी वाटायला सुरुवात झाली. पुढे ते माप एक टक्क्याहून थोडे अधिकच कमी भरल्याचे दिसले, पण सगळ्यांची चूक सारखीच असल्याने काम अडले नाही. शाळेतल्या पुस्तकात रोधाचे हे एकक, ओहम, नियमासारखे येते. त्याची निकड मात्र समुद्रात गेलेल्या तारांनी निर्माण केली होती.

एकक हाती आले की बिघाडाचे ठिकाण काढणे हे अंकगणित झाले, निदान सोप्या प्रकरणांत. सागरी मैलामागे ३०० पौंड तांबे असलेल्या केबलचा रोध मैलाला सुमारे ४ ओहम येतो. तार तुटून तिचे उघडे टोक पाण्यात पूर्ण टेकले असेल आणि किनाऱ्यावर १००० ओहम मोजले, तर दोष २५० मैलांवर. पण बहुतेक दोष असे सरळ नसतात. आवरणाच्या छिद्रातून वीज थोडीच गळते, त्या छिद्राचा स्वतःचाही रोध असतो आणि तो किती हे माहीत नसते. फ्रेंच अभियंता ब्लाव्हिए यांच्या पद्धतीत म्हणून दोन मापे घेतात: एकदा दूरचे टोक मोकळे ठेवून, एकदा ते जमिनीत जोडून. दोन समीकरणे, दोन अज्ञाते. छिद्राचा रोध आणि अंतर दोन्ही निघतात. दुसरी चांगली तार परतीसाठी उपलब्ध असेल तर मरे आणि व्हार्ली यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वळशाच्या पद्धतींनी छिद्राचा रोध हिशेबातूनच वगळता येतो. यातही मेख होती. उघड्या तांब्यावर धन प्रवाह सोडला की त्यावर क्षाराचा थर चढतो आणि रोध वाढतो. ऋण प्रवाहाने तो थर सुटतो आणि रोध घटतो. काटा स्थिर राहत नाही. तो कोणत्या क्षणी वाचायचा हे अनुभवी परीक्षकाचा हातच ओळखी, आणि ही गोष्ट सूत्रात बसत नव्हती.

या तयारीची कसोटी १८६५ मध्ये लागली. सागरी मैलामागे ३०० पौंड शुद्ध, तपासलेले तांबे आणि ४०० पौंड गटापर्चा असलेली नवी केबल ‘ग्रेट ईस्टर्न’ या त्या काळच्या सर्वांत मोठ्या जहाजाच्या तीन टाक्यांत, पाण्यात बुडवून ठेवली होती. २३ जुलैला जहाज व्हॅलेन्शियाहून निघाले. दुसऱ्याच दिवशी, ८० मैलांच्या पुढे, परीक्षणाच्या अंधाऱ्या खोलीत आरशाचा कवडसा पट्टीबाहेर गेला. केबल जहाजाच्या मागच्या बाजूने सोडली जात होती आणि ओढून घ्यायचे यंत्र पुढे होते. ती मागून पुढे नेऊन दहा मैल परत ओढली, तेव्हा आवरणातून आरपार गेलेला दोन इंच लांबीचा लोखंडी तारेचा तुकडा सापडला. २९ जुलैला पुन्हा तेच. कोणीतरी मुद्दाम तार खुपसतो आहे असा संशय घेऊन टाकीवर पहारा बसला. २ ऑगस्टला तिसरा दोष आला. आता सुमारे १२०० मैल केबल सोडून झाली होती, ६०० मैल उरले होते. केबल ओढत असताना ती जहाजाच्या पुढच्या भागावर घासली, कातरली गेली आणि २००० वाव (फॅदम) खोल पाण्यात गेली. नंतर टाकीतली वेटोळी तपासताना चिलखताची ठिसूळ तार तुटून तिचे टोक बाहेर आलेले दिसले. वरच्या टनावारी वजनाखाली असे टोक शेजारच्या वेटोळ्यात घुसत होते. घातपात नव्हताच. पहारा करणारे कामगार आणि अधिकारी एकमेकांकडे संशयाने बघत होते तेव्हा खरा गुन्हेगार चिलखतातच होता. आकड्यांनी केबल पकडून वर आणण्याचे प्रयत्न झाले. ती सापडली, अर्ध्या वाटेत आली आणि दर वेळी दोर तुटला.

या मोहिमेने आणखी एक उणीव दाखवली. जहाज किनाऱ्याशी बोलत असताना परीक्षण थांबे, आणि तेवढ्या वेळात दोष असलेला भाग काही मैल मागे पडे. १८६६ च्या मोहिमेत मुख्य विद्युततज्ज्ञ विलोबी स्मिथने अशी जोडणी केली की आवरणाची तपासणी अखंड चालू राही आणि संदेशही जात. ओढण्याची यंत्रणा मागच्या बाजूलाही बसवली, चिलखताला जस्ताचा मुलामा दिला. १३ जुलैला निघालेले जहाज २७ जुलैला न्यूफाउंडलंडच्या ‘हार्ट्स कंटेंट’ या खेड्याजवळ पोचले. मग ते परत फिरले आणि गेल्या वर्षी हरवलेली केबल शोधू लागले. अनेक फसलेल्या प्रयत्नांनंतर २ सप्टेंबरच्या पहाटे ती वर आली. टोक परीक्षणाच्या खोलीत नेले, स्मिथने ते उपकरणाला जोडले आणि खोलीतली माणसे श्वास रोखून कवडशाकडे बघत बसली. पलीकडे व्हॅलेन्शियात मुक्या केबलच्या पट्टीवर कोणी ना कोणी वर्षभर नजर ठेवून होता. वर्षभर तो कवडसा अर्थहीन थरथरत होता. त्या सकाळी तो अक्षरे लिहू लागला. ८ सप्टेंबरला दुसरी केबलही पूर्ण झाली.

दोन केबली मिळाल्याने व्हाइटहाउसशी झालेल्या वादाचा निकालही लागला. त्याच महिन्यात लॅटिमर क्लार्कने दोन्ही केबलींची पलीकडची टोके जोडून घेतली. शिवताना बोटात घालतात त्या चांदीच्या अंगुस्तानात जस्ताचा तुकडा आणि आम्लाचे काही थेंब टाकून त्याने बॅटरी बनवली आणि तिच्या प्रवाहाने अटलांटिक जाऊन-येऊन ओलांडला. आठ वर्षांपूर्वी त्याच समुद्राखाली २००० व्होल्ट ओतले गेले होते.

भारताची तार तोवर दुसऱ्या वाटेने पोचली होती. इराणच्या आखातातली केबल १८६४ मध्ये टाकली गेली, ती चौकशी समितीचा धडा गिरवून: कारखान्यात पाण्याखाली, ७५ अंश फॅरनहाइटला तपासलेली. शिडाच्या जहाजांतून ती मुंबईमार्गे आखातात गेली आणि त्यांपैकी ‘ट्वीड’ हे जहाज मूळचे मुंबईच्या गोदीत बांधलेले होते. थेट समुद्री तार १८७० मध्ये झाली. ‘ग्रेट ईस्टर्न’ जानेवारीत मुंबईत आले. उष्ण पट्ट्यातल्या उन्हात गटापर्चा मऊ पडू नये म्हणून त्याला पांढरा रंग दिला होता. फेब्रुवारीत मुंबईहून एडनकडे केबल सोडत ते निघाले, आणि जूनमध्ये लंडन-मुंबई मार्ग खुला झाला. तांबड्या समुद्राने दहा वर्षांपूर्वी खाल्लेल्या केबलची जागा आता पुरेशी सैल ठेवून टाकलेल्या केबलने घेतली.

परीक्षणाच्या कामातला एक बिघाड मात्र वेगळ्या वाटेने गेला. केबलची तपासणी करताना विलोबी स्मिथला फार मोठ्या आणि स्थिर रोधाची गरज होती, म्हणून त्याने सेलेनियमच्या बारीक कांड्या काचेच्या नळ्यांत बसवून वापरल्या. मापे जुळेनात. एकाच कांडीचा रोध वेगवेगळ्या वेळी वेगळा येई आणि दोष उपकरणात आहे, जोडणीत की माणसात, हे कळेना. शोध घेतल्यावर दिसले की पेटीचे झाकण बंद असले की रोध जास्त असतो आणि झाकण उघडताच वाहकता १५ ते १०० टक्क्यांनी वाढते. उष्णतेचा संशय फेडण्यासाठी कांडी पाण्यात ठेवून, इंचभर पाण्याच्या थरातून प्रकाश पाडून पाहिला. फरक तसाच राहिला. दोष प्रकाशाचा होता. स्मिथने फेब्रुवारी १८७३ मध्ये हे पत्राने लॅटिमर क्लार्कला कळवले आणि त्याच महिन्यात तार-अभियंत्यांच्या संस्थेत ते वाचले गेले. सात वर्षांनी, १८८० मध्ये, अलेक्झांडर ग्रॅहम बेलने सेलेनियमच्याच आधाराने माणसाचा आवाज प्रकाशाच्या झोतावरून पलीकडे पोचवला.